शिफ्टिंगमधली माय

सकाळच्या शिफ्टसाठी स्कूटी बाहेर काढली आणि वास आला. ऊर्जानगरात, म्हणजे आमच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, वास म्हटला की बहुतेक वेळा तो कोळशाचा असतो, नाहीतर कुणीतरी क्वार्टरमागं पाचोळा पेटवलेला असतो. हा त्यातला नव्हता. कॉलनीच्या कुंपणापलीकडं, नाल्याच्या काठाला मोहाचं एकच एक झाड आहे. कुणी लावलं नसणार, तोडायचं राहून गेलं असणार. त्याच्याखाली राखेच्या रंगाच्या मातीत पिवळट फुलं पडली होती आणि एक गाय ती सावकाश खात होती. मी स्कूटी स्टँडला लावली, तारेतून हात घालून एक फूल उचललं, बोटांत धरलं आणि परत टाकून दिलं. ड्यूटीला उशीर होत होता.

दवाखान्यात पोचल्यावर मायला फोन लावला.

"माय, इथी मोह पडून राह्यला."

"पडू दे," माय म्हणाली. मग तिनं पाण्याच्या टाकीची गोष्ट काढली. टाकीचा नळ गळतो, पोरं चिखल करतात, कुणी दुरुस्त करत नाही. मोहाबद्दल एक शब्द बोलली नाही. मी पण तो विषय काढला नाही. माझ्या लहानपणी ही बातमी ऐकून जी बाई हातातलं काम टाकून टोपली शोधायला धावायची, ती आता नळाबद्दल बोलते. मोहाचे दिवस आले की मला आताशा बरं वाटत नाही. जो वास नाकात गेला की भूक लागायची, तोच आता नकोसा होतो, आणि त्याचं कारण एका हंगामात आहे. त्या हंगामाबद्दल मला बोलायचंय, पण त्याच्या आधी एका शब्दाबद्दल बोलावं लागेल.

मी नर्स आहे आणि माझा नवरा वीज केंद्रात आहे. त्यामुळं 'शिफ्ट' हा शब्द आमच्या घरात मिठापेक्षा जास्त खर्च होतो. "आज कोणती शिफ्ट?" हाच आमचा राम राम आणि हीच आमची विचारपूस. तो फर्स्टला असेल तर मी सेकंडला, मी नाईटला असेन तर तो ऑफवर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघांनी मिळून चार वेळा भांडायचं म्हटलं तरी शिफ्टचा तक्ता बघावा लागतो. कॉलनीतल्या बायका एकमेकींना नवऱ्याच्या नावानं नाही, शिफ्टनं ओळखतात. "त्यायची सेकंड हाय ना, मंग आता ये चहाले." कंपनीच्या बसा त्या शब्दावर सुटतात, भाजीवाला त्या शब्दावर गल्लीत येतो, बल्लारपूरकडच्या खाणीतली माणसं तो शब्द पाठीला डबा लावल्यासारखा बरोबर घेऊन फिरतात.

तेवढ्यावर भागत नाही. कपाट खिडकीखालून दाराशी नेलं तर ते शिफ्ट केलं. पोरांची शाळा उन्हामुळं सकाळची झाली तर ती मॉर्निंग शिफ्ट. वडशाकडं हिवाळ्यात रात्ररात्र नाटकं चालतात, त्यातलं एखादं दुसऱ्या गावच्या मंडईमुळं, म्हणजे जत्रेमुळं, पुढं गेलं तर लोक म्हणतात, नाटक शिफ्ट झालं. माझ्या मामेबहिणीच्या लग्नाची तारीख सुतकामुळं पुढं गेली, तर तिची सासू म्हणाली, लगन शिफ्ट केलं. आमच्या वॉर्डात कॉम्प्युटर आला तेव्हा बरोबरच्या एका सिस्टरनं मला मराठी टायपिंग शिकवलं. क दाबला की क, आणि शिफ्ट धरून दाबला की ख. तसाच ग चा घ होतो. मी गंमत म्हणून नुसतीच शिफ्ट दाबून बसले. पडद्यावर काहीही उमटलं नाही. ती हसली, म्हणाली, "ताई, ती एकटी काही करत नसते. तिच्यासोबत कोणाले तरी दाबा लागते."

आणि मग आमच्या दवाखान्यातली शिफ्ट. डॉक्टर दाराशी उभे राहून म्हणतात, पेशंटला शिफ्ट करा. चंद्रपूरहून नागपूरला, किंवा गडचिरोलीकडून आमच्याकडं आणि आमच्याकडून पुढं. इतकी वर्षं या नोकरीत काढल्यावर मला त्या वाक्याचा अर्थ कळतो. इथं जे करायचं ते संपलं, असा तो अर्थ असतो. पण नातेवाइकांचे चेहरे उजळतात. हालचाल सुरू झाली म्हणजे काहीतरी होतंय असं माणसाला वाटतं. "शिफ्ट केल्यावर बरं होईन ना, सिस्टर बाई?" असं विचारतात. मी सलाइनची बाटली सरळ करते आणि गाडी लवकर निघेल असं सांगते. त्या शब्दाच्या पोटात एक खोटी आशा आहे. ती कुणी मुद्दाम भरलेली नाही, म्हणून तिच्यावर रागावताही येत नाही.

आमचं गाव शिफ्ट झालं, हे सांगताना मी हाच शब्द वापरते. सगळेच वापरतात. गाव उठवलं असं म्हटलं तर लगेच कुणीतरी विचारील, कुणी उठवलं? हलवलं म्हटलं तरी हलवणारा हात डोळ्यांपुढं येतो. शिफ्ट झालं म्हटलं की कुणी काही विचारत नाही. जसं काही गावालाच एके दिवशी कंटाळा आला आणि ते आपली भांडीकुंडी घेऊन निघालं.

गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ते आता कुठल्याच पाटीवर नाही. जंगलात आत, नदीच्या वळणावर तीसेक घरं होती. सगळी आमचीच माणसं, गोंडांची. धान व्हायचा, तो पुरायचा नाही, उरलेलं जंगल द्यायचं. त्या जंगलाचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे मोह. फाल्गुन उतरणीला लागला की फुलं गळायला लागायची. पहाटेच्या गारव्यात ती टपटप पडतात, आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं, हरणं, अस्वलं आहेतच. कुणाचं झाड कोणतं हे लहान पोरालाही माहीत असायचं. आमची झाडं पाणवठ्याच्या वाटेवर होती. माय आदल्या दिवशी त्यांच्याखालची जमीन अंगणासारखी झाडून ठेवायची. सकाळी त्या स्वच्छ मातीवर फुलांचा थर पडलेला दिसला की ती आधी नुसती उभी राहून बघायची. तेवढाच तिचा आराम. मग पदर खोचायची आणि वाकली की टोपली भरल्याशिवाय पाठ सरळ करायची नाही.

मी आणि माझा धाकटा भाऊ मारोती तिच्या मागं मागं वेचायचो. बोटं चिकट व्हायची, रस मनगटापर्यंत यायचा, पण चाटायचा नाही. देवानं नवा मोह खाल्ल्याशिवाय माणसानं खायचा नाही, हा आमच्यातला कायदा. मोहच नाही, आंबा, चिंच, नवा धान, जे जे त्या वर्षाचं नवं, ते आधी गावदेवाचं. माय आमच्यावर पोलिसासारखी नजर ठेवायची. संध्याकाळी जवळ ओढून तोंडाचा वास घ्यायची. मारोतीनं एकदा एक फूल खाल्लं होतं, तर त्याला मारलं नाही, पण देवाच्या दिशेला तोंड करून उभं केलं आणि स्वतः हात जोडून पोराच्या वतीनं माफी मागितली. ते मारापेक्षा वाईट होतं, असं मारोती अजून सांगतो.

देव म्हणजे काही देऊळ नव्हतं. गावाच्या वरच्या अंगाला ऐनाचं जुनं झाड, त्याच्याखाली काही दगड आणि एक लाकडाचा खांब. पेन म्हणतो आम्ही त्याला. मोहाच्या पूजेच्या दिवशी सगळं गाव तिथं जमायचं. भूमक, म्हणजे आमचा गावचा पुजारी, पहिली फुलं वाहायचा, कोंबडा द्यायचा, आणि मग पानाच्या द्रोणात उकडलेला नवा मोह घराघराला मिळायचा. माय तो द्रोण दोन्ही हातांत धरून खायची. वर्षभरात तिला स्वतःहून, चवीनं, बसून खाताना मी त्याच एका दिवशी बघितलं आहे. बाकीच्या दिवशी ती चुलीपुढं उकिडवी बसून उरलेलं खायची.

गाव शिफ्ट व्हायचं ठरलं तेव्हा मी ऊर्जानगरात नांदत होते. जंगल वाघांसाठी राखून ठेवायचं होतं. गाव हो म्हणालं, असं मला मारोतीनं फोनवर सांगितलं. सडकेजवळ घरं मिळतील, शाळा जवळ, दवाखाना जवळ, लाइट. खोटं बोलायचं नाही, मला त्या वेळी बरं वाटलं. पावसाळ्यात बाळंतपणाला अडलेली बाई खाटेवर घालून नदीपार नेताना मी बघितलेली आहे.

माणसं तयार झाली, पण देवाला विचारायचं राहिलं होतं. आमच्यात देव असाच उचलून नेत नाहीत. भूमकानं देवापुढं पळसाचं पान मांडलं, चिमूटभर तांदूळ टाकले आणि दोन दोन दाणे बाजूला काढायला लागला. सगळ्यांची जोडी लागली तर देव यायला तयार. एक दाणा उरला तर नाही. एक दाणा उरला. म्हातारा भूमक तो दाणा बोटावर घेऊन बराच वेळ बसला, मग गावाकडं वळून म्हणाला, "थो नाई येत म्हणते." लोकांनी माना खाली घातल्या. ट्रक उभे होते. गाव निघालं, देव तिथंच राहिला.

नवीन गाव सडकेला लागून आहे. सरळ रेषेत घरं, सगळी एकसारखी, सगळ्यांना एकच गुलाबी रंग. मायला पहिल्या महिन्यात आपलं घर ओळखू यायचं नाही, म्हणून मारोतीनं दाराला माझी जुनी निळी ओढणी बांधली. गावाला जुनंच नाव द्यावं असं ठरलं होतं म्हणे, पण आजूबाजूचे लोक त्याला 'शिफ्टिंग' म्हणतात. बसचा कंडक्टर ओरडतो, "शिफ्टिंगवाले, चला समोर या." बाजारात कुणी विचारलं, कुठी राह्यता, तर आमची माणसंही तसंच सांगतात. माझ्या भाच्याच्या तोंडात जुनं नाव नाहीच. तो शिफ्टिंगमध्ये जन्मला. तिथं गुलमोहर लावले आहेत, विलायती बाभळी आपोआप आल्यात. मोहाचं झाड एकही नाही.

तरी पहिली काही वर्षं निभावलं. मोह गळायला लागला की गावातल्या चार माणसांना जंगलाच्या गेटमधून आत सोडायचे. ते जुन्या गावठाणावर जायचे, देवाला पहिली फुलं वाहायचे आणि थोडा मोह घेऊन परत यायचे. घरागणिक मूठभरही येत नव्हता. पण माय त्या दिवशी सकाळपासून अंघोळ करून ओट्यावर बसायची. मूठभर का होईना, देवानं खाल्लेलं आलं की वर्ष मोकळं व्हायचं. त्यानंतरच तिच्या घरात कैरी चिरली जायची.

मग तो हंगाम आला. जुन्या गावठाणात वाघिणीनं पिल्लं घातली होती. आमच्या पडक्या घरांच्या भिंतींच्या आडोशाला ती राहत होती, असं वनरक्षकानं सांगितलं. साहेब म्हणाले, यंदा कुणालाही आत सोडता येणार नाही. मारोती आणि मंडळी दोन-तीनदा गेली, हात जोडून आली. साहेब वाईट नव्हते. त्यांनी चहा पाजला आणि नाही म्हणाले.

आणि माझ्या मायनं खाणं थांबवलं. सगळं नाही. राशनचा तांदूळ चालत होता, कारण तो जुना. गेल्या वर्षीची वाळवलेली भाजी, जुनी डाळ, तीही संपत आलेली. नवं काही नाही. हिरवा पालासुद्धा नाही. महिना उलटून गेला तरी तिचा हट्ट सुटेना. एकदा हापशीवर तिला भोवळ आली तेव्हा मारोतीनं तिला माझ्याकडं आणून सोडलं. "बाई, तूच पाह्य आता. माहं आयकत नाई."

मी तिला डॉक्टरांकडं नेलं. रक्त कमी होतं. डॉक्टर तरुण होते, गोड बोलले. "आजी, ताजं खा. ताजी फळं, ताज्या भाज्या. शिळंपाकं बंद करा." मायनं माझ्याकडं बघितलं. ज्या एका गोष्टीची तिला मनाई होती तीच तिला औषध म्हणून सांगितली जात होती. बाहेर आल्यावर ती हसली. फार दिवसांनी हसली असेल. म्हणाली, "पोरगा चांगला हाय, पन त्याले का माहीत?"

मी घरी फळांचा ढीग लावला. रागावले, रडले, तिच्या नातवाची शपथ घातली. माझा नवरा शिफ्टवरून आला की तिच्याशी वाद घालायचा. त्याच्या घरी हे सोवळं एवढं पाळत नाहीत. तो एक दिवस आंबा कापून पुढं बसला आणि म्हणाला, "मामी, हा तं कोकणातला हाय. तुमच्या देवाचा थोडीच हाय?"

"देवाचा नाई, मंग माहा तरी कसा, जवाईबापू?" माय म्हणाली. नवऱ्यानं तो आंबा स्वतः खाल्ला आणि झोपायला गेला.

दिवसभर ती मागच्या गॅलरीत बसायची. तिथून केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिला त्यांचं आश्चर्य वाटायचं. "येवढा धूर निघून राह्यला, अन् जेवाले कोनीच कसं नाई दिसत?" अशी तिची थट्टा चालायची, अंगात जोर असला की. नसला की नुसती बघायची. तिच्या मनगटाची नाडी मी बोलता बोलता बघायचे. तिला ते कळायचं, पण हात काढून घ्यायची नाही. वॉर्डात मी दिवसाला कितीतरी नाड्या बघते. एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. ही बाई अशीच वाळून जाईल, आणि कुठल्याही रिपोर्टवर त्याचं खरं कारण येणार नाही, असं मला वाटायचं.

त्याच दिवसांत आमच्या भागात एका वाघानं माणसं मारली होती. त्याला बेशुद्ध करून पकडलं आणि दूरच्या जंगलात नेऊन सोडलं. पेपरात आलं, वाघ शिफ्ट केला. आणि थोड्याच दिवसांत तो चालत चालत, सडका ओलांडत, शेतांतून, परत आपल्या जागेवर आला. ही बातमी मी मायला वाचून दाखवली. वाटलं, तिला गंमत वाटेल.

"गेट कोन उघडलं त्याच्यासाठी?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, त्याला गेट लागत नाही. माय म्हणाली, "बरं हाय त्याचं."

मी रोज दवाखान्यात दुसऱ्यांच्या आयांना खा खा म्हणून भरवत होते. घरी आले की माझी माय राशनच्या भातात पाणी घालून बसलेली. तिला खोटं सांगावं, पूजा झाली म्हणावं, असं नवरा म्हणाला. माझ्या जिभेवर ते आलंही असेल. पण तिच्यासमोर बसलं की लहानपणीचा तोंडाचा वास घेणारा तिचा चेहरा आठवायचा आणि माझं तोंड बंद व्हायचं. मी तिच्या देवावर चिडले होते. एवढं मोठं जंगल आहे तुझं, तिथल्या तिथं खा आणि मोकळं कर ना माझ्या मायला. त्याला काय कळणार, तो दगडात बसलेला, त्याच्यापुढं वाघिणीची पिल्लं खेळत असणार.

चैत्र संपता संपता मारोतीचा फोन आला. आवाजात असा आनंद मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

"बाई, देव आनला!"

"कुठून आनला?"

"गेटवरून."

मग त्यानं सगळं सांगितलं. म्हातारा भूमक गेल्यानंतर त्याचा मुलगा भूमक झाला होता. त्यानं तोड काढली. आपल्याला आत जाऊ देत नाहीत, पण देवाला बाहेर यायला कोण अडवतं? सगळं गाव ढोल घेऊन जंगलाच्या गेटवर गेलं. लोखंडी आडव्या दांडीच्या अलीकडं, जुन्या गावाच्या दिशेला तोंड करून बसलं. वनरक्षक आधी ओरडला, मग खुर्ची आणून बसला आणि मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागला. तिथंच पळसाचं पान मांडलं, तिथंच देवाला हाक मारली. देव यायला तयार झाला. गेटच्या बाजूचा एक दगड नव्या कापडात बांधून, नाचत नाचत शिफ्टिंगमध्ये आणला. गुलमोहराखाली सिमेंटचा ओटा तयार होता. पूजा उद्या, मायला घेऊन या.

मी मायला सांगितलं. ती ताडकन उठून बसली. "थो आला?" एवढंच विचारलं. रात्री तिनं स्वतःहून डोक्याला तेल मागितलं. सकाळी नवऱ्याच्या मित्राची गाडी घेऊन आम्ही निघालो. सगळ्या वाटेत ती खिडकीला नाक लावून होती. मी पण खूश होते. संपला एकदाचा हा ताप, असं माझ्या मनात होतं. नवऱ्यानं आरशातून माझ्याकडं बघून मान हलवली.

शिफ्टिंगमध्ये मोठा मेळा होता. ढोल वाजत होता, पोरं नवे कपडे घालून पळत होती. ओट्याला पांढऱ्या टाइल्स लावल्या होत्या, बाथरूमला लावतात तसल्या. त्यावर तो दगड, हळद, फुलं. मोह बाजारातून विकत आणला होता. मायनं वाकून दगडाला हात लावला, बराच वेळ हात तिथंच ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग बाजूला, भिंतीच्या सावलीत जाऊन बसली. पूजा झाली, कोंबडा झाला. मारोती घाम पुसत द्रोण घेऊन आला.

"घे माय. देवानं खाल्लं."

तिनं द्रोण घेतला, पण तोंडाकडं नेला नाही.

"इचारलं व्हतं त्याले?"

"इचारलं ना. दाने टाकले भूमकानं."

"का म्हने?"

"पह्यले नाई म्हने," मारोती म्हणाला. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. "एक दाना उरला. मंग पुन्हा टाकले, पुन्हा उरला. मंग टाकत राह्यलो. जोडी लागली तवा उचलला."

माय द्रोणाकडं बघत होती. ढोल जोरात वाजत होता, म्हणून मी तिच्याजवळ सरकले.

"आपल्यालेबी असंच इचारलं साहेबाइनं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "नाई म्हटलं, तं पुन्हा मीटिंग लागली. नाई म्हटलं, तं पुन्हा लागली. एकदा हो म्हटलं, मंग कोनी नाई आलं इचाराले."

मारोतीचा चेहरा उतरला. तो तिच्यापुढं खाली बसला. "मंग का करावं माय, सांग ना. पोराइचे लगनं अडले, चिंच घरात पडून हाय, कोनी तोंडात घेत नाई. तू मरून राह्यली. किती दिवस असं?"

"मी तुले कुठी काय म्हनली?" मायनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ओट्याकडं, त्या पांढऱ्या टाइल्सवरच्या दगडाकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला चाललं असतं.

"थोबी थकला," ती म्हणाली.

आणि तिनं खाल्लं. घाईनं नाही, सावकाशही नाही, चुलीपुढं उकिडवी बसून उरलेलं खायची तसं खाल्लं. सगळा हंगाम मी तिला खा म्हणून विनवत होते, तिच्यापुढं रडले होते. आता ती एकेक फूल तोंडात टाकत होती आणि तो द्रोण तिच्या हातातून काढून घ्यावा असं मला वाटत होतं. मी काढून घेतला नाही. तिनं तो रिकामा केला आणि मारोतीला म्हणाली, "अजून असन तं दे."